आधी स्टार्टर दाखवा

हे लिहिताना मला संकोच वाटतो आहे, तो आधीच सांगून टाकते. एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर त्याला पुरतं ओळखायला हवं, आणि मी तर त्यांच्या घरात फक्त भाड्याने राहत होते. आमच्या घरात लिहिण्याची सवयही कुणाला नाही. आईबाबांना सही करता येते, पण सहीच्या पुढे लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मीच. त्यामुळे माझ्या हातून काही चुकलं तर ते दाखवून द्यायलाही घरी कुणी नाही. आणखी एक अडचण अशी, की अशी आठवण बहुधा माणूस गेल्यावर लिहितात. आमचे घरमालक काका चांगले धडधाकट आहेत. मागच्या रविवारी मी त्यांना भेटायला बोईसरला गेले होते. तेव्हा भीतभीत म्हटलं, "काका, मी तुमच्यावर थोडं लिहू का?"

ते जीपखाली आडवे झाले होते. फक्त पाय दिसत होते. खालूनच म्हणाले, "विचारायचं नाही."

ही परवानगी होती की नकार, हे मला कळलं नाही. मी परवानगी धरून चालले आहे. तसं नसेल तर त्यांची क्षमा मागते.

आमचं गाव जव्हारच्या पुढे. बारावीनंतर मला पालघरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. दादा त्याआधीपासून बोईसरला कारखान्यात होता आणि चार-पाच मुलांबरोबर एका खोलीत राहत होता. मी येणार म्हटल्यावर आम्हाला वेगळी खोली लागणार होती. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने पत्ता दिला आणि बजावलं, "खोली चांगली हाय. म्हातारा जरा वेगळा हाय. घाबरू नका."

स्लॅबचं घर, मागे ओळीने भाड्याच्या खोल्या, पुढे अंगण. अंगणात बदामाच्या झाडाखाली एक जुनी डिझेल जीप बोनेट उघडून उभी होती. तिच्या बंपरवर बसून काका चहा पीत होते. उंच, किरकोळ, खाकी पँट आणि वर बनियन. दादाने खोलीचं विचारलं. काकांनी आमची जात विचारली नाही, मासे शिजवणार का विचारलं नाही, पाहुणे किती येतील तेही विचारलं नाही. चहाचा शेवटचा घोट घेतला आणि इंजिनाकडे बोट केलं.

"आधी स्टार्टर दाखवा."

"म्हंजे?" दादा म्हणाला.

"गाडीला चावी मारली की जी मोटर इंजिनाला पहिला हिसका देते, ती. सगळे सेल्फ म्हणतात. ह्या इंजिनात ती कुठं बसलीय ते दाखवा. मग खोली बघू."

"पन आमी तं खोली बघाया आलोय."

"मग मी काय जीप विकतोय?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. शेवटी वाकला. पुढच्या बाजूला रबरी पट्ट्यावर फिरणारी एक गोल वस्तू होती, दिसायला मोटरसारखीच. त्याने तिच्यावर हात ठेवला. "ही."

"हा डायनामो. पट्टा असतो तो डायनामो. तो इंजिनाकडनं फिरवून घेतो आणि बॅटरी भरतो. मला इंजिनाला फिरवणारा पाहिजे." मग ते माझ्याकडे वळले. "तू गं?"

मला सगळंच काळं आणि तेलकट दिसत होतं. त्यातली बॅटरी तेवढी ओळखीची वाटली, कारण आमच्या पाड्यावर सोलरच्या दिव्याला तशी होती. मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण मोटर असेल तर ती बॅटरीला कुठेतरी जोडलेली असेल."

"मग?"

"ही एक जाड तार गाडीच्या पत्र्यालाच लावलीय. दुसरी जाड तार खाली गेलीय."

"मग जा की तिच्याबरोबर."

मी तारेवर हात ठेवून खाली खाली गेले. कोपरापर्यंत काळी झाले. तार इंजिनाच्या कडेने मागे वळली आणि तिथून पुढे माझा हात पोहोचेना. मी तसं सांगितलं.

"खोली बघून घ्या," काका म्हणाले.

मला स्टार्टर सापडलाच नव्हता. पण सापडण्यावर खोली अवलंबून नव्हती, हे नंतर कळलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्याने साबणाची वडी पुढे केली. त्या काकू. ती वडी त्या खिडकीत खास नव्या भाडेकरूंसाठी ठेवलेली असायची.

मग काकांनी आम्हाला स्टार्टर दाखवला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या जागी, खाली, अंग चोरून बसलेला. एक मोठं नळकांडं आणि त्याच्या वर चिकटलेलं एक लहान. "मोठ्याच्या कडेवर लहान," काका म्हणाले. "गाडी कुठलीही असू दे, जागा बदलंल, पण ही मायलेकरं अशीच दिसणार." हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की दादा आणि मी ते एकमेकांना म्हणून दाखवायचो.

काका मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी बोईसरला आले आणि कारखान्यांच्या शिफ्ट-बस जिथे दुरुस्तीला येतात अशा वर्कशॉपमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. ते सांगायचे, की सकाळच्या शिफ्टची बस चालू झाली नाही की ड्रायव्हर यायचा, "सेल्फ लागत नाय" एवढं म्हणायचा आणि हाताची घडी घालून उभा राहायचा. बसमधली माणसंही खाली उतरून तशीच उभी राहायची. "गाडी बंद पडते त्याचं वाईट वाटत नाही," काका म्हणायचे. "तिच्याशेजारी माणूस बंद पडतो, त्याचं वाटतं." म्हणून त्यांचा नियम झाला: विचारायचं नाही, शोधायचं. निवृत्त झाल्यावर बसगाड्या हातातून गेल्या, तेव्हा त्यांनी तो नियम भाडेकरूंना लावला.

आम्ही होतो तेवढ्या काळात मी बऱ्याच परीक्षा पाहिल्या. उत्तरेकडचा एक वेल्डर आला होता. तो हात जोडून म्हणाला, "चाचा, हम तो साइकिलवाले हैं."

"तो साइकिल में स्टार्टर किधर है?" काकांचं हिंदी असंच होतं, मराठी चालीचं.

वेल्डरने जरा विचार केला आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "ये रहा, चाचा."

त्याला कोपऱ्यातली सगळ्यांत हवेशीर खोली मिळाली.

दुसरा एकजण इस्त्रीच्या कपड्यांत आला होता. त्याने उभ्या उभ्या मोबाईल काढला, व्हिडिओ शोधला आणि काकांच्या तोंडासमोर धरला. "हे बघा, गिअरबॉक्सच्या बाजूला असतो."

"ह्या व्हिडिओतल्या गाडीत असंल. माझ्या गाडीत?"

"सगळ्या गाड्यांत तिथेच असतो, काका."

"कुणी सांगितलं? काहींत पुढून दिसतो, काहींत मागच्या अंगाला, काहींत तर वर नळ्यांच्या जंजाळाखाली दडवलेला. कंपनीवाले तुझ्या मोबाईलला विचारून बसवतात काय?"

तो रागावून गेला. पुढच्या रविवारी जुने कपडे घालून परत आला, मुकाट्याने बोनेटखाली शिरला आणि नाकाला काळं लावून बाहेर आला. त्यालाही खोली मिळाली. काकूंनी साबण दिला आणि म्हणाल्या, "नाकाला पन लाव रे."

काकांना कुठेही नेलं तरी त्यांचं लक्ष फिरवणाऱ्या वस्तूकडे असायचं. लग्नात अक्षता पडत असताना ते मांडवामागे जनरेटरपाशी असायचे. रस्त्यावरून एसटी चालू होण्याचा आवाज आला की हातातला घास थांबवून ऐकायचे आणि म्हणायचे, "स्टार्टरचे ब्रश झिजलेत तिचे." मग घास तोंडात. शेजारणीचा मिक्सर, पिठाची गिरणी, शिलाईची मशीन, सगळ्यांशी त्यांचं बोलणं होतं. माणसांशी मात्र कमी.

माझ्याशी ते बोलायचे ते अभ्यासावरून. पहिल्या वर्षी मला अर्थशास्त्र अजिबात समजत नव्हतं. आश्रमशाळेत मी पाठ करून पास होत आले होते, आणि कॉलेजात पाठ करायला पुरेना. एकदा अंगणात पुस्तक घेऊन मी रडकुंडीला आले होते. काका बंपरवर होते. म्हणाले, "काय अडलंय?"

"सगळंच. किती गोष्टी आहेत यात."

"वायरिंगमध्ये पण लई तारा असतात. बारीक तारा नुसत्या गप्पा मारतात. ह्या दिव्याचं त्याला सांग, त्या काट्याचं ह्याला सांग. काम एक जाड तार करते. ह्या धड्यातली जाड तार कुठली?"

मी धडा पुन्हा वाचला. मग अजून एकदा. एका परिच्छेदावर बोट ठेवलं. बरोबर होतं का, ते काकांना कळणार नव्हतं, आणि त्यांनी बघितलंही नाही. "मग जा की तिच्याबरोबर," एवढंच म्हणाले. अजून मी अभ्यासाला बसले की हेच करते. आमच्या बाईंनी एकदा विचारलं, तू टिपणं कशी काढतेस. मला सांगायला लाज वाटली.

आता काकूंविषयी सांगते. त्यांच्याशिवाय हे अर्धं राहील.

काकू शिरगावच्या. तिथे किल्ल्याच्या अलीकडे त्यांच्या माहेरची नारळीची वाडी आहे आणि त्यात त्यांची म्हातारी आई एकटी राहते. लेकीकडे यायला ती तयार नाही. म्हणते, "माजी झाडं कोन बघंल?" काकू इतकी वर्षं साताऱ्याच्या माणसाबरोबर काढूनही रागावल्या की शिरगावचंच बोलायच्या. त्यांना माहेरी न्यायला काका कधी नाही म्हणत नसत. अडचण वेगळीच होती. वाटेत कुठेही बोनेट उघडलेली गाडी दिसली की काका जीप बाजूला घ्यायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर होते. बोईसरहून निघालो तेव्हा सकाळ होती. आधी एक रिक्षा, मग बर्फ भरलेला मासळीचा टेम्पो. टेम्पोतून पाणी ठिबकत होतं आणि ड्रायव्हर फोनवर ओरडत होता. काका त्याला म्हणाले, "फोन ठेव. जाड तार दाखव." काकू पुढच्या सीटवर मांडीत डबा घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "लग्नापासून मी माहेरी जेवायच्या वेळेला कदी पोचले नाय." आम्ही पोहोचलो तेव्हा आजी ओट्यावर बसून होती. तिने वाढलेलं ताट कधीचं झाकून ठेवलं होतं. काकांकडे पाहून म्हणाली, "जावई कुनाला भेटला रस्त्यात?"

मागच्या वर्षी आजी वाडीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण तिचं पाऊल पहिल्यासारखं पडेना. काकूंना एक दिवसाआड जावं लागायचं. बोईसरहून पालघरपर्यंत रेल्वे, मग शेअर रिक्षा भरण्याची वाट, मग वाडीपर्यंत चालत, आणि संध्याकाळच्या आत तसंच परत. एक दिवस चुलीपाशी उभ्या असताना त्यांनी काकांना सांगितलं, "मला जीप शिकवा. मी माझी जाईन."

काका लगेच म्हणाले, "शिकवतो की. आधी स्टार्टर दाखव."

मी भांडी घासत होते. काकूंच्या हातातली उलथणी थांबली.

"मी नाय दाखवनार."

"अगं, दोन मिनटांचं काम. वाटेत बंद पडली तर? एकटी उभी राहशील रस्त्यात."

"राहीन उभी. लोक हायत."

"लोक फोन करतात नुसते."

"तुमी परीक्षा घेता ती खोली मागायला आलेल्यांची," काकू म्हणाल्या. "मी या घरात खोली मागायला आलेय काय? मी भाडेकरू नाय तुमची."

काकांना नियम सोडवेना. मला वाटतं, त्यांना खरंच भीती वाटत होती. निर्जन रस्ता, बंद गाडी आणि शेजारी हाताची घडी घालून उभी असलेली आपली बायको, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून जात नसावं. पण ते तसं बोलले नाहीत. ते फक्त म्हणाले, "नियम म्हणजे नियम." काकूंनी उलथणी पुन्हा चालू केली. त्या दिवसापासून घरात जीपचा विषय निघाला नाही. काकू रिक्षा-गाडीने जात राहिल्या आणि जीप बदामाखाली उभी राहिली.

काही दिवसांनी सकाळच्या गाडीला काकू माझ्याबरोबर पालघरला निघाल्या. "आईकडं चाललेय," असं काकांना सांगून निघालेल्या. पालघरला उतरल्यावर त्या रिक्षांकडे वळल्याच नाहीत. स्टेशनबाहेर ड्रायव्हिंग स्कूलची छोटी कार उभी होती, तिचा दरवाजा उघडून सरळ स्टिअरिंगपुढे बसल्या. शिकवणारा मुलगा सातपाटीचा होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. काकूंनी त्याच्याशी ठरवूनच टाकलं होतं, की शिकवायचं ते शिरगावच्या रस्त्यावर आणि धडा संपायचा तो आईच्या फाटकाशी. म्हणजे त्या काकांशी खोटं बोलत नव्हत्या. आईकडेच जात होत्या.

कॉलेजला सुट्टी असली की मी मागे बसायचे. काकू गाडी संथ चालवायच्या, पण मास्तरला उसंत देत नसत.

"मावशी, क्लच दाबा. दाबा."

"दाबलाय रे. तू आदी श्वास घे."

"समोर म्हस हाय."

"दिसली मला. तिला पन मी दिसलेय."

एका दिवशी तास रद्द झाले म्हणून मी सकाळीच त्यांच्याबरोबर गेले. सुरूची झाडं लागतात तिथे एका छोट्या मोरीवर काकूंचा क्लच लवकर सुटला आणि इंजिन बंद पडलं. त्यांनी चावी फिरवली. नुसतं टक् झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

"बॅटरी गेली असंल," मास्तर म्हणाला आणि खिशातून फोन काढला. "स्कूलच्या शेठला बोलावतो."

"हॉर्न वाजव."

"काय?"

"हॉर्न वाजव रे."

हॉर्न मोठ्याने वाजला. काकूंनी दिवे लावायला सांगितले. दिवेही लख्ख लागले. "मग बॅटरी कशानं जाईल? ती हाय जाग्यावर," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या. पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या. "बोनेट उघड."

"मावशी, या गाडीत हात नाय घालायचा. कंपनीचं सगळं झाकलेलं असतं."

"तू उघड तं."

बोनेटखाली जीपसारखं काहीच नव्हतं. सगळं काळ्या प्लास्टिकखाली. काकूंनी बॅटरी शोधली आणि जाड लाल तारेवर बोट ठेवलं. पहिल्यांदाच इंजिनाला हात लावत होत्या, हे मला माहीत होतं. तार एका चौकोनी डब्याखाली गेली. त्या डब्याच्या कडेने गेल्या. मग एका जाड नळीखालून. मग ती दिसेनाशी झाली.

"इथून पुढं डोळ्यांचं काम नाय," त्या म्हणाल्या. गाल पत्र्याला टेकवला, डोळे मिटले आणि हात आत घातला. खांद्यापर्यंत. मास्तर फोन हातात धरून उभा होता. काकूंची बोटं आत चाचपत होती.

मग म्हणाल्या, "हाय."

"काय हाय?"

"गोल हाय. आन त्याच्या कडेवर एक लहान हाय."

मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. स्वयंपाकघराच्या त्या खिडकीत साबण घेऊन त्या किती वर्षं उभ्या होत्या, आणि बाहेरचा प्रत्येक शब्द आत येत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

अडकलेला स्टार्टर हलकं ठोकलं की सुटतो, हे काका अंगणात सांगत असत, पण इथे हाताने ठोकायला जागा नव्हती. काकूंनी मास्तरला सुरूची एक सरळ फांदी आणायला लावली. तिचं एक टोक आत नेऊन मोटरवर टेकवलं, हात बाहेर काढला आणि वरच्या टोकावर दगड धरला. मास्तरला सांगितलं, "गाडी न्यूट्रल कर. मी म्हनते तेवा चावी मार." आणि मग मोटरलाच म्हणाल्यासारखं, हळू आवाजात, "मारायचं नाय. उठवायचं." हेही वाक्य काकांचंच.

टक्, टक् असे दोन हलके ठोके. "मार चावी."

इंजिन चालू झालं.

काकूंनी फांदी बाजूला टाकली, गवताला हात पुसले आणि पुन्हा स्टिअरिंगपुढे बसल्या. मास्तर पुढचा अख्खा रस्ता "दाबा" म्हणाला नाही.

आजी ओट्यावर होती. आत भाताची वाफ येत होती. तिने आमच्या मागे पाहिलं. "जावई कुठं हाय?"

"नाय आला."

"मंग बस. आज भात गरम हाय."

त्या दिवशी काकू पोटभर जेवल्या. परतताना स्टेशनवर मला म्हणाल्या, "घरी बोलू नको."

"काका किती खूश होतील."

"तेच नको. म्हनतील, बघ, झालीस पास माझ्या परीक्षेत. मी पास व्हायला गेले नव्हते. मी आईकडं गेले होते."

मी बोलले नाही. पुढे त्यांची लायसन्सची सरकारी परीक्षाही झाली आणि त्या पास झाल्या, तेही बोलले नाही. त्यानंतर दादाला कारखान्याजवळ दुसरी खोली मिळाली आणि आम्ही तिकडे गेलो. काकू नंतरही एक दिवसाआड शिरगावला जात होत्या, आता पालघरहून मास्तरची गाडी स्वतः चालवत. मास्तरने ही गोष्ट सातपाटीत सांगितली, शिरगावात सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली. पण काकांना कुणी सांगितली नाही, कारण त्यांना माहीत नसेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. त्या मोरीवरच्या दिवसानंतर काकूंच्या नखांत दोन दिवस काळं होतं. एसटीचे ब्रश आवाजावरून ओळखणाऱ्या काकांना ते दिसलं नाही.

मागच्या रविवारी ते जीपखाली होते आणि "विचारायचं नाही" म्हणून गप्प झाले होते. मी पायरीवर बसले. काकू आत चहा टाकत होत्या. तेवढ्यात मासळीवाली आली. ती सातपाटीहून रविवारी बोईसरला दारोदार येते. तिने पाटी खाली ठेवली आणि जीपखालच्या पायांना म्हणाली, "मालक, मालकिनीला सांगा, बोंबील आनलेत. आन त्यांना म्हनावं, आमच्या भाच्याचा टेम्पो पन चालू व्हत नाय, येऊन बघा जरा."

"कुणी बघायचा?" खालून आवाज आला.

"मालकिनीनं. त्या मास्तरची गारी सुरूच्या फांदीनं चालू केली ना त्यांनी? आख्ख्या सातपाटीला ठावं हाय. आता तं सवताच चालवतात. तुमीच शिकवलं आसंल."

जीपखाली काही हललं नाही. मग पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. काका हळूहळू बाहेर सरकले, उठून बसले. माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते खिडकीपाशी गेले, भाडेकरूंसाठीची साबणाची वडी उचलली आणि हात धुतले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले.

काकूंनी चहा बाहेर आणला. काका पायरीवर बसले. खिशातून जीपची चावी काढली आणि काकूंच्या बशीशेजारी ठेवली. काकूंनी चावीकडे पाहिलं, उचलली नाही, सरकवलीही नाही. मासळीवाली बोंबील निवडून देत होती.

काकांनी दोन घोट घेतले. मी त्या घरात राहिले तेवढ्या काळात इंजिनातलं स्वतःला माहीत नसलेलं काही त्यांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"त्या गाडीत कुठं होता गं?"

काकूंनी चहावर फुंकर घातली.

"शोधा," त्या म्हणाल्या.